ग्रंट आणि एमएसबिल्ड: एका कमांडीत पूर्ण बिल्ड

डॉटनेटचा बॅकएंड आणि जावास्क्रिप्टचा फ्रंटएंड एकाच रिपॉझिटरीत असले की रिलीजच्या वेळी एक ठरलेला क्रम पार पाडावा लागतो. नुगेटची (डॉटनेटच्या पॅकेज व्यवस्थेची) पॅकेजेस आणायची, सोल्युशन (एकत्र बांधायच्या प्रोजेक्टांचा संच) रिलीज मोडमध्ये बिल्ड करायचं, स्क्रिप्ट जोडून लहान करायच्या, सीएसएस तयार करायचं आणि हे सगळं एका फोल्डरात गोळा करून झिप बनवायची. मधलं एखादं पाऊल राहिलं तरी झिप वरवर ठीकच दिसते. बिघाड कळतो तो सर्व्हरवर चढवल्यावर. शिवाय हा क्रम टीममधल्या एखाद्यालाच तोंडपाठ असतो, आणि तो रजेवर गेला की रिलीज खोळंबतं.

ग्रंट हे ठरलेली कामं (टास्क) क्रमाने चालवणारं जावास्क्रिप्टचं हत्यार आहे आणि एमएसबिल्ड हे डॉटनेटचा कोड बिल्ड करणारं मायक्रोसॉफ्टचं हत्यार. वरचा क्रम ग्रंटच्या फाइलीत कसा उतरवायचा, ते या लेखात पाहू. मुख्य आधार या दोघांना जोडणाऱ्या ग्रंट-एमएसबिल्ड या प्लगिनचा. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: जी कमांड टर्मिनलमध्ये हाताने चालवून पाहिलेली नाही, ती प्लगिनच्या हवाली करू नका. प्लगिन स्वतः काही बिल्ड करत नाही. तुम्ही दिलेल्या पर्यायांतून ते एमएसबिल्डची कमांड तयार करतं, चालवतं आणि निकाल ग्रंटला कळवतं. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढच्या बहुतेक अडचणी आपोआप उलगडतात.

(कमांड, फाइली आणि पर्यायांची नावं इथे देवनागरीत आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.)

ग्रंट कुठे घ्यावं, कुठे नाही

बेन अल्मन यांनी लिहिलेलं ग्रंट २०१२ मध्ये आलं. आज ते ओपनजेएस फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. निव्वळ फ्रंटएंडचा नवा प्रोजेक्ट सुरू करत असाल तर ग्रंटच्या वाटेला जाऊ नका, व्हीट किंवा वेबपॅक घ्या. सगळा प्रोजेक्ट नव्या डॉटनेटवर असेल तर 'डॉटनेट बिल्ड' ही कमांड पुरेशी आहे. ग्रंट उपयोगी पडतं ते या दोन्हींच्या मधल्या जागेत: डॉटनेट फ्रेमवर्कवरचं जुनं सोल्युशन, त्याला लागणारं पूर्ण एमएसबिल्ड आणि सोबत जावास्क्रिप्टचा पसारा. अशी सोल्युशन्स भरपूर ठिकाणी रोज कामात आहेत आणि त्यांची बिल्ड व्यवस्था नीट असणं फार गरजेचं आहे.

आधी हाताने

विंडोजवर 'डेव्हलपर कमांड प्रॉम्प्ट' उघडा. साध्या टर्मिनलमध्ये 'एमएसबिल्ड' टाइप केलं तर कमांड सापडत नाही असं उत्तर येण्याची शक्यता जास्त, कारण एमएसबिल्डचा मार्ग पाथमध्ये (विंडोज कमांड शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) आपोआप जात नाही. बिल्ड सर्व्हरवर पूर्ण व्हिज्युअल स्टुडिओ टाकायची गरज नसते, 'बिल्ड टूल्स' हा वेगळा इन्स्टॉलर चालतो. मात्र तुमच्या प्रोजेक्टला लागणारे घटक, म्हणजे वेब प्रोजेक्ट असेल तर वेबचे, त्यात निवडावे लागतात.

आता सोल्युशनच्या फोल्डरात जाऊन एमएसबिल्ड चालवा. सोल्युशन फाइलीचं नाव द्या, 'टी' या स्विचला 'रीबिल्ड' आणि 'पी' या स्विचने कॉन्फिगरेशन 'रिलीज' ठरवा. प्लॅटफॉर्मही द्यायचा असेल तर एका बारीक गोष्टीकडे लक्ष द्या. सोल्युशन फाइलीत त्याचं नाव 'एनी सीपीयू' असं दोन शब्दांत, मध्ये जागा सोडून असतं. प्रोजेक्ट फाइलीत तेच नाव सलग, जागा न सोडता लिहिलेलं असतं. सोल्युशन बिल्ड करताना सलग नाव दिलं की एमएसबी४१२६ ही एरर येते: दिलेलं सोल्युशन कॉन्फिगरेशन अवैध आहे. एरर वाचून माणूस रिलीज कॉन्फिगरेशन तपासत बसतो आणि चूक निघते एका रिकाम्या जागेची. सोल्युशनसाठी मध्ये जागा असलेलं नाव घ्या, अवतरण चिन्हांत.

बिल्ड संपल्यावर एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना परत देते तो आकडा, बघायची सवय लावा. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एको'च्या पुढे 'एररलेव्हल' हे नाव दोन टक्के चिन्हांच्या मध्ये लिहिलं की तो आकडा दिसतो. सगळं ठीक असेल तर ०. मग एखाद्या फाइलीतला अर्धविराम मुद्दाम काढून पुन्हा बिल्ड करा आणि आकडा शून्याखेरीज काही येतो ना, ते पाहा. पुढचं सगळं ऑटोमेशन या एका आकड्यावर उभं आहे.

इन्स्टॉल करताना

नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं) आणि एनपीएम (त्याची पॅकेजेस आणणारं) मशीनवर आहेत असं धरतो. रिपॉझिटरीच्या मुळाशी 'एनपीएम इनिट' चालवून पॅकेज डॉट जेसन तयार करा आणि त्यात 'प्रायव्हेट'ला 'ट्रू' द्या, म्हणजे चुकून हे पॅकेज एनपीएमवर प्रकाशित होणार नाही. नंतर 'एनपीएम इन्स्टॉल --सेव्ह-डेव्ह' या कमांडीने ग्रंट आणि ग्रंट-एमएसबिल्ड घ्या. ही दोन्ही बिल्डची हत्यारं आहेत, चालत्या अ‍ॅप्लिकेशनला त्यांची गरज नाही, म्हणून डेव्ह-डिपेंडन्सीतच ठेवायची.

जुन्या लेखांत ग्रंट-सीएलआय ग्लोबल इन्स्टॉल करायला सांगितलेलं असतं. ते टाळा. पॅकेज डॉट जेसनमधल्या 'स्क्रिप्ट्स' या भागात 'बिल्ड' नावाची नोंद करा आणि तिच्यासमोर 'ग्रंट रिलीज' लिहा. 'एनपीएम रन बिल्ड' म्हटलं की एनपीएम प्रोजेक्टमधलंच ग्रंट शोधून चालवतं. प्रत्येकाच्या मशीनवर काय ग्लोबल आहे, हा प्रश्नच उरत नाही. एरवी 'एनपीएक्स ग्रंट' आहेच.

पॅकेज-लॉक फाइल कमिट करा. नोड-मॉड्यूल्स फोल्डर गिटइग्नोरमध्ये टाका. 'बिन' आणि 'ओबीजे' ही बिल्डच्या आउटपुटची फोल्डरं तिथे आधीपासून असतीलच.

ग्रंटफाइलचा सांगाडा

मुळाशी ग्रंटफाइल डॉट जेएस नावाची फाइल करा. ही फाइल एकच फंक्शन एक्स्पोर्ट करते आणि त्या फंक्शनला 'ग्रंट' हा ऑब्जेक्ट मिळतो. आत तीन कामं होतात. 'इनिटकॉन्फिग' सगळी मांडणी घेतं, 'लोडएनपीएमटास्क्स' प्लगिन ओळखीचं करतं आणि 'रजिस्टरटास्क' टास्कांची साखळी बांधून तिला नाव देतं. यातलं मधलं विसरलात तर 'टास्क सापडला नाही' अशी वॉर्निंग देऊन ग्रंट थांबतं.

मांडणीच्या सुरुवातीला 'पीकेजी' नावाची नोंद करा आणि तिला 'ग्रंट डॉट फाइल डॉट रीडजेसन'ने वाचलेली पॅकेज डॉट जेसन द्या. मग व्हर्जन क्रमांक एकाच ठिकाणी राहतो आणि झिपच्या नावापासून असेंब्लीपर्यंत (बिल्डमधून निघणाऱ्या डीएलएलपर्यंत) तिथूनच देता येतो.

विंडोजचे मार्ग लिहिताना उलट्या तिरक्या रेघेऐवजी सरळ तिरकी रेघ वापरा. जावास्क्रिप्टच्या स्ट्रिंगमध्ये उलट्या रेघेपुढे 'एन' आला की त्याची नवी ओळ होते, 'टी' आला की टॅब. फोल्डराचं नाव या अक्षरांनी सुरू होत असेल तर मार्ग मोडतो.

एमएसबिल्डची मांडणी

ग्रंटमधला एमएसबिल्ड हा मल्टी-टास्क आहे, म्हणजे त्याच्या पोटात हवी तेवढी टार्गेट्स असतात. आपण दोन करू: 'डेव्ह' आणि 'रिलीज'. प्रत्येक टार्गेटमध्ये 'एसआरसी' ही सोल्युशन किंवा प्रोजेक्ट फाइलींची यादी आणि 'ऑप्शन्स' हा पर्यायांचा ऑब्जेक्ट असतो. दोन्हीकडे सारखे असलेले पर्याय एमएसबिल्डच्या पातळीवर, टार्गेटांच्या शेजारी, एका वेगळ्या 'ऑप्शन्स'मध्ये लिहा. टार्गेटमधला पर्याय वरच्या पर्यायावर मात करतो.

इथे 'टार्गेट' या शब्दाने घोळ होतो, म्हणून सांगून ठेवतो. ग्रंटचं टार्गेट म्हणजे 'डेव्ह' किंवा 'रिलीज'. एमएसबिल्डचं टार्गेट म्हणजे 'क्लीन', 'बिल्ड', 'रीबिल्ड'. पर्यायांमधलं 'टार्गेट्स' हे एमएसबिल्डचं.

कॉन्फिगरेशन 'प्रोजेक्टकॉन्फिगरेशन' या पर्यायात जातं. 'डेव्ह'ला डीबग द्या आणि 'टार्गेट्स'मध्ये फक्त 'बिल्ड', म्हणजे बदललेलं तेवढंच कंपाइल होईल. 'रिलीज'ला रिलीज आणि 'रीबिल्ड'. रिलीज नेहमी कोऱ्या पाटीवरून बांधावं. वेळ जास्त लागतो, तो लागू द्या.

'व्हर्बोसिटी'मध्ये एमएसबिल्डच्या पाच पातळ्या चालतात: क्वाएट, मिनिमल, नॉर्मल, डिटेल्ड आणि डायग्नोस्टिक. रोजच्या वापराला मिनिमल उत्तम. क्वाएट ठेवलं तर मोठ्या सोल्युशनमध्ये बिल्ड चालू आहे की अडकलं आहे, ते कळत नाही. डायग्नोस्टिक एखादा गुंता सोडवताना तात्पुरतं लावा, त्याचं आउटपुट अवाढव्य असतं.

'मॅक्ससीपीयूकाउंट' किती प्रोजेक्ट समांतर बिल्ड करायचे ते ठरवतो. याने वेग छान वाढतो, पण सोल्युशनची मांडणी स्वच्छ हवी. दोन प्रोजेक्ट एकाच आउटपुट फोल्डरात तीच फाइल लिहीत असतील तर समांतर बिल्डमध्ये ते एकमेकांना आडवे येतात आणि 'फाइल दुसरी प्रोसेस वापरत आहे' अशी एरर येते. ती कधी येते, कधी येत नाही. अशी लहरी एरर दिसली की आधी हा आकडा १ करून पाहा. १ वर ती नाहीशी झाली तर दोष ग्रंटचा नाही, सोल्युशनमधल्या आउटपुट मार्गांचा किंवा न लिहिलेल्या प्रोजेक्ट रेफरन्सचा आहे. तो तिथेच दुरुस्त करा.

'नोडरीयूज' या पर्यायातल्या नोडचा नोड डॉट जेएसशी काही संबंध नाही. समांतर बिल्ड करताना एमएसबिल्ड मदतनीस प्रोसेस सुरू करतं आणि पुढचं बिल्ड लवकर व्हावं म्हणून काम संपल्यावरही त्या काही काळ जिवंत ठेवतं. आपल्या मशीनवर हे सोयीचं. बिल्ड सर्व्हरवर मात्र त्याच प्रोसेस डीएलएल धरून बसतात आणि पुढच्या फेरीत फोल्डर पुसता येत नाही. 'रिलीज'साठी हा पर्याय 'फॉल्स' ठेवा.

'बिल्डपॅरामीटर्स' हा ऑब्जेक्ट थेट एमएसबिल्डच्या 'पी' स्विचकडे जातो, त्यामुळे कुठलीही प्रॉपर्टी देता येते. नव्या एसडीके पद्धतीच्या प्रोजेक्ट फाइली असतील तर इथे 'व्हर्जन' नावाची प्रॉपर्टी द्या आणि तिला ग्रंटच्या टेम्प्लेटमधून पीकेजीचं व्हर्जन लावा, असेंब्लीला तोच क्रमांक मिळेल. जुन्या पद्धतीच्या प्रोजेक्टमध्ये क्रमांक असेंब्लीइन्फो फाइलीतून येतो, तिथे ही युक्ती चालत नाही. ज्या स्विचसाठी वेगळा पर्याय नाही तो 'कस्टमआर्ग्स' या यादीत जसाच्या तसा लिहायचा.

आता सगळ्यांत फसवी जागा. पर्यायाच्या नावात स्पेलिंग चुकलं किंवा मोठं-लहान अक्षर चुकलं तर ग्रंट तक्रार करत नाही. तो पर्याय निमूटपणे दुर्लक्षिला जातो, ठरावीक मूल्य वापरलं जातं आणि बिल्ड यशस्वी होतं. तुम्हाला वाटतं डीबग झालं, झालेलं असतं भलतंच. म्हणून मांडणी लिहून झाल्यावर पहिली फेरी '--व्हर्बोज' लावून चालवा. टास्कला प्रत्यक्षात कोणते पर्याय मिळाले ते त्यात दिसतं. सुरुवातीला हाताने चालवलेल्या कमांडीशी ते एकेक करून ताडून पाहा. हाताने चालवण्याचा आग्रह धरला तो यासाठीच: ताडून पाहायला काहीतरी खात्रीचं हवं.

आणि चालवताना नुसतं 'ग्रंट एमएसबिल्ड' म्हणू नका. टार्गेटचं नाव दिलं नाही की ग्रंट त्या टास्कची सगळी टार्गेट्स एकामागून एक चालवतं, म्हणजे डेव्ह आणि रिलीज दोन्ही. कोलन देऊन 'एमएसबिल्ड:डेव्ह' असं लिहा.

पॅकेज रिस्टोअर

नव्याने क्लोन केलेल्या कोडवर बिल्ड पडतं ते बहुतेक वेळा इथे. आपल्या मशीनवर व्हिज्युअल स्टुडिओने पॅकेजेस केव्हाच आणून ठेवलेली असतात, त्यामुळे ही उणीव जाणवत नाही.

प्रोजेक्टमध्ये 'पॅकेजेस डॉट कॉन्फिग' (पॅकेजेसची जुन्या पद्धतीची वेगळी यादी) असेल तर एमएसबिल्डच्या आधी नुगेटची 'रिस्टोअर' कमांड वेगळी चालवणं हाच सरळ मार्ग. 'पॅकेजरेफरन्स' (प्रोजेक्ट फाइलीतच लिहिलेली यादी) असेल तर एमएसबिल्ड स्वतः रिस्टोअर करू शकतं. पण 'टार्गेट्स'च्या यादीत 'रिस्टोअर' आणि 'रीबिल्ड' शेजारी शेजारी लिहायचा मोह टाळा. एमएसबिल्ड प्रोजेक्ट फाइल सुरुवातीला एकदाच वाचतं, आणि रिस्टोअरने नव्या तयार केलेल्या फाइली त्या वाचनात आलेल्या नसतात. पहिलं बिल्ड पडतं, दुसरं चालतं, आणि सगळे बुचकळ्यात पडतात. त्याऐवजी 'कस्टमआर्ग्स'मध्ये 'रिस्टोअर' हा स्विच द्या. तो एमएसबिल्ड १५.५ पासून आहे. तो आधी रिस्टोअर करतो, मग प्रोजेक्ट नव्याने वाचून बिल्डला लागतो.

प्लगिनला एमएसबिल्ड सापडत नसेल तर

व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ पासून एमएसबिल्ड प्रत्येक आवृत्तीच्या आणि एडिशनच्या आपापल्या फोल्डरात असतं. ठरावीक जागा राहिली नाही. प्लगिनपेक्षा व्हिज्युअल स्टुडिओ नवा असेल तर शोध फसू शकतो. मायक्रोसॉफ्टचं 'व्हीएसव्हेअर' हे छोटं हत्यार व्हिज्युअल स्टुडिओच्या 'इन्स्टॉलर' फोल्डरात असतं. मशीनवर काय काय आहे आणि कुठे आहे, ते हे हत्यार सांगतं. तो मार्ग एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि ग्रंटफाइलीत तिथून वाचा. मार्ग थेट फाइलीत लिहिला तर दुसऱ्याच्या मशीनवर तो चुकीचा ठरेल.

एवढं करूनही प्लगिन अडत असेल तर त्याच्या मागे लागू नका, स्वतःचा टास्क लिहा. काम वाटतं त्याहून छोटं आहे. 'रजिस्टरटास्क'ला नाव आणि फंक्शन द्या. फंक्शनच्या पहिल्याच ओळीत 'धिस डॉट असिंक' बोलावून मिळालेलं फंक्शन 'डन' नावाने धरून ठेवा. मग 'ग्रंट डॉट यूटिल डॉट स्पॉन'ला तीन गोष्टी द्या: 'सीएमडी'मध्ये एमएसबिल्डचा मार्ग, 'आर्ग्स'मध्ये स्विचची यादी आणि 'ऑप्ट्स'मध्ये 'स्टडीआयओ'ला 'इनहेरिट', म्हणजे एमएसबिल्डचं आउटपुट चालू असतानाच टर्मिनलवर दिसेल. काम संपल्यावर कॉलबॅकमध्ये एरर आली असेल तर 'डन'ला 'फॉल्स' द्या, नाहीतर नुसतं बोलवा. स्विच यादीत वेगवेगळे लिहायचे, सगळे एका लांब स्ट्रिंगमध्ये कोंबायचे नाहीत.

'असिंक' विसरलात तर बिल्ड अर्ध्यावर असतानाच ग्रंट पुढच्या टास्ककडे जातं आणि अर्धवट डीएलएल झिपमध्ये भरले जातात. 'फॉल्स' द्यायचं विसरलात तर फसलेलं बिल्डही यशस्वी ठरतं. या दोन ओळींसाठी थोडं थांबून, एरर मुद्दाम घडवून खात्री करा. माझ्या मते प्रत्येकाने असा टास्क एकदा तरी लिहावा, प्लगिन वापरायचं असलं तरी. प्लगिनच्या आतही मूळ काम हेच आहे.

बाकीची साखळी

पुसण्यासाठी ग्रंट-कॉन्ट्रिब-क्लीन, नकलेसाठी कॉपी, स्क्रिप्ट लहान करण्यासाठी अग्लिफाय, झिपसाठी कॉम्प्रेस. ही सगळी ग्रंटच्या 'कॉन्ट्रिब' कुटुंबातली प्लगिन्स आहेत. क्लीन चालू फोल्डराच्या बाहेरचं काही पुसायला नकार देतं. 'फोर्स' दिलं की तो पहारा उठतो, म्हणून ते देऊ नका. पहिल्यांदा चालवताना 'नो-राइट' लावलंत तर काय पुसलं जाणार आहे तेवढंच दिसतं, पुसलं काहीच जात नाही.

कॉपीमध्ये 'एक्स्पँड', 'सीडब्ल्यूडी', 'एसआरसी' आणि 'डेस्ट' अशी चौकडी असते. 'सीडब्ल्यूडी' न देता 'एसआरसी'मध्ये लांब मार्ग लिहिला की तो अख्खा मार्ग 'डेस्ट'च्या आत पुन्हा उभा राहतो, 'वेब'च्या आत 'बिन'च्या आत 'रिलीज' असा. 'सीडब्ल्यूडी'मध्ये मूळ फोल्डर दिलं की त्याच्या आतलंच तेवढं उचललं जातं.

अग्लिफायच्या जुन्या आवृत्त्यांना ईएस६ वाचता येत नाही. अ‍ॅरो फंक्शन किंवा 'लेट' दिसलं की 'अनपेक्षित टोकन' म्हणून ते थांबतात. तुमच्या कोडमध्ये ते असेल तर ग्रंट-टर्सर घ्या.

'रिलीज' साखळीत क्रम असा ठेवा: क्लीन, लागत असेल तर नुगेटचं रिस्टोअर, मग 'एमएसबिल्ड:रिलीज', मग अग्लिफाय, कॉपी आणि शेवटी कॉम्प्रेस. बिल्ड आधी ठेवायचं कारण साधं आहे. सर्वांत महागडं आणि सर्वांत जास्त वेळा पडणारं पाऊल आधी पडलं, तर पुढचा वेळ वाचतो.

फाइल बदलली की टास्क आपोआप चालवणारं वॉच प्लगिन रोजच्या कामाला सोयीचं आहे, पण त्याच्या फाइलींच्या यादीतून 'बिन', 'ओबीजे' आणि आउटपुट फोल्डर उद्गारचिन्ह लावून वगळा. नाहीतर बिल्डने लिहिलेली फाइल पाहून वॉच पुन्हा बिल्ड सुरू करतं आणि ते थांबत नाही. सीशार्पच्या फाइलींवर वॉच लावावा की नाही, यावर मतं वेगळी आहेत. मला तो फक्त स्क्रिप्ट आणि सीएसएसपुरताच बरा वाटतो, कारण मोठं सोल्युशन प्रत्येक सेव्हला बिल्ड होत राहिलं तर काम करणंच अवघड होतं.

बिल्ड सर्व्हरवर

सर्व्हरवरची पावलं दोनच हवीत: 'एनपीएम सीआय' आणि 'एनपीएम रन बिल्ड'. 'एनपीएम सीआय' आधीचं नोड-मॉड्यूल्स पुसून लॉक फाइलीतल्या नेमक्या आवृत्त्याच आणतं. तिसरं पाऊल सर्व्हरच्या सेटिंगमध्ये लिहायची वेळ आली तर ते ग्रंटफाइलीत हलवा. नाहीतर क्रम पुन्हा दोन ठिकाणी विखुरतो.

फसलेल्या बिल्डला ग्रंट शून्येतर एक्झिट कोड देतं आणि आकड्यावरून कारणही कळतं: १ म्हणजे प्राणांतिक एरर, २ म्हणजे ग्रंटफाइल सापडली नाही, ३ म्हणजे टास्कमधली एरर, ६ म्हणजे वॉर्निंग. लॉगमध्ये २ दिसला तर कोडकडे बघूच नका, सर्व्हर चुकीच्या फोल्डरात उभा आहे. '--फोर्स' हा पर्याय सर्व्हरवर कधीही लावू नका. वॉर्निंग आली तरी तो साखळी पुढे ढकलतो, आणि अर्धवट बिल्डची झिप तयार होते.

शेवटची चाचणी अशी घ्या. रिपॉझिटरी एका नव्या, रिकाम्या फोल्डरात क्लोन करा, व्हिज्युअल स्टुडिओ न उघडता साधं टर्मिनल उघडा आणि वरच्या दोनच कमांड चालवा. जमलं तर नुगेटची स्थानिक कॅशे रिकामी करून पुन्हा एकदा. काही अडलं तर ते हाताने निस्तरू नका, ग्रंटफाइलीत किंवा पॅकेज डॉट जेसनमध्ये दुरुस्त करून नव्या क्लोनपासून पुन्हा सुरू करा. झिप बनली की ती उघडून आतल्या डीएलएलच्या गुणधर्मांतला व्हर्जन क्रमांक पॅकेज डॉट जेसनशी जुळतो का, ते पाहा. जुळला तर ग्रंटफाइल कमिट करा आणि विकीवरची रिलीजच्या पावलांची जुनी यादी काढून टाका.